हयातीचा दाखला, आईचं माहेरचं नाव आणि माणूस ‘तोच’ असणं

पाचोळा (धागाकर्ती)

नोव्हेंबर आला की आमच्याकडे उरलेला चिवडा संपवणं आणि आईचा हयातीचा दाखला ही दोन कामं ठरलेली. आई ८२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, बहुतेक सगळी पहिलीलाच. चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. यंदा तिला बँकेत नेलं तर काउंटरवरच्या मुलीने अगदी प्रेमाने विचारलं, आजी नाव सांगा बघू. आई खणखणीत आवाजात म्हणाली, मंदाकिनी. पासबुकावर नाव सुलभा. मुलगी गोंधळली, मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, आणि माझा धाकटा भाऊ मला हळूच म्हणतो, ही मंदाकिनी कोण? त्याला माहीतच नव्हतं. १९६६ साली लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं आणि मंदाची सुलभा झाली, हे मलाही मावशीकडून कधीतरी कळलेलं.

रिक्षात भाऊ म्हणाला, ताई, आई कधीच गेली गं, आपण तिचं शरीर सांभाळतोय. चिडून नाही, शांतपणे म्हणाला. तिचं डायपरपासून सगळं तोच आणि वहिनी करतात, मी ठाण्याहून महिन्यातून दोनदा जाते, त्यामुळे त्याला उलट बोलायचं माझं तोंड नाही. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. माणूस ‘तोच’ आहे असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय तेच असतं? आठवणी? शरीर? आत्मा असेल तर तो? आणि हे सगळं गेलं तरी माणूस उरतो का?

इथे वाचलेली खूप मंडळी आहेत म्हणून विचारतेय. सांत्वन नको, मतं द्या.

खडूसकाका

तत्त्वज्ञान नंतर. हयातीच्या दाखल्यासाठी ८२ वर्षांच्या बाईला बँकेत नेलंच कशाला? २०१४ पासून डिजिटल दाखला आहे. पोस्टमन घरी येऊन करून देतो.

पाचोळा

माहीत नव्हतं काका. विचारते पोस्टात.

तर्कटराव

प्रश्न जुना आहे आणि उत्तरंही जुनीच. इंग्लंडच्या जॉन लॉक या तत्त्वज्ञाने हे सगळ्यात स्वच्छ मांडलं. १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने यावर एक प्रकरणच घातलं. तो ‘माणूस’ आणि ‘व्यक्ती’ या दोन गोष्टी वेगळ्या करतो. माणूस म्हणजे हा जिवंत देह, झाड जसं वाढत जाऊनही तेच झाड राहतं तसा. व्यक्ती म्हणजे स्वतःला ‘मी’ म्हणून ओळखणारी, काल तिथे होतो तो मीच हे जाणणारी. त्याचं उदाहरण असं की राजपुत्राचा जीव त्याच्या सगळ्या आठवणींसकट चांभाराच्या देहात शिरला तर व्यक्ती कोण? राजपुत्र. माणूस कोण? चांभार.

या हिशेबाने तुमच्या भावाचं म्हणणं कठोर वाटलं तरी तर्काला धरून आहे. आठवणीची साखळी जिथे तुटली तिथे ती व्यक्ती संपली.

चिंचोका

तर्कटराव, मग काल रात्री ऑफिसच्या पार्टीनंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही, म्हणजे तो मी नव्हेच? बायकोला हा प्रतिसाद वाचायला देऊ का?

तर्कटराव

@चिंचोका, हसताय, पण लॉकने दारुड्याचाही विचार केलाय. तो म्हणतो कोर्ट शिक्षा देणारच, कारण खरंच आठवत नाही की सोंग आहे हे कोर्टाला कळायला मार्ग नाही. वहिनींचं कोर्टही तेच म्हणेल.

बांधावरची_बोर

साखळी नक्की कुठे तुटली म्हणायची? थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने लॉकला इथेच पकडलंय. एक मुलगा फळबागेत चोरी करून मार खातो. पुढे तो सैन्यात अधिकारी होऊन शत्रूचं निशाण जिंकतो, तेव्हा त्याला तो मार आठवत असतो. म्हातारपणी सेनापती झाल्यावर निशाण आठवतं, मार साफ विसरलाय. म्हणजे सेनापती तोच अधिकारी, अधिकारी तोच मुलगा, पण सेनापती तो मुलगा नाही? गणितात असं चालत नाही.

आणि इथे तर उलटंच झालंय. आईंना पुढचं आठवत नाही, मुळातलं आठवतंय. मंदाकिनीपासूनचा धागा शाबूत आहे, तुमच्या बाजूचं टोक सुटलंय. तुमच्यासाठी आई गेली, पण मंदा तर कुठेच गेली नाही.

रानमेवा

बोरताई, दंडवत! डोळ्यांत पाणी आलं.

डॉ_घुबड

असं होण्यामागे कारण आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याने १८८१ मध्येच नोंदवलं होतं की स्मृती जाताना अलीकडची आधी जाते, जुनी टिकते. अल्झायमरमध्ये हे नेहमी दिसतं. सून आठवत नाही, शाळेतली बाकावरची मैत्रीण आठवते. आणि आठवण ही एकच गोष्ट नाही. प्रसंगांची स्मृती वेगळी, हातांना लागलेली सवय वेगळी. क्लाइव्ह वेअरिंग या ब्रिटिश संगीतकाराला १९८५ मध्ये मेंदूचा संसर्ग झाला, त्यानंतर नवीन आठवण काही सेकंदांपलीकडे टिकेना. डायरीत सारखं लिहायचा की मी आत्ता पहिल्यांदा जागा झालो, आणि आधीची तशीच ओळ खोडायचा. पण पियानोवर बसवलं की वाजवायचा, आणि बायको खोलीत आली की प्रत्येक वेळी वर्षांनी भेटल्यासारखा मिठी मारायचा.

पाचोळाताई, आई अजून हाताने काय करतात?

पाचोळा

डॉक्टर, लाल पेन. पेपर पुढे ठेवला की लाल पेन घेऊन र्‍हस्व-दीर्घ सुधारते. पूर्वी बरोबर सुधारायची, आता कुठेही गोल करते, पण खाली सही करते आणि ‘छान’ लिहून पेपर मला परत देते.

चिंचोका

हल्लीच्या पेपरात कुठेही गोल केला तरी बरोबरच येईल.

लांबची_लोकल

मला या धाग्यातला गोडवा खटकतोय, स्पष्टच लिहिते. माझ्या वडिलांना मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश होता. ज्या माणसाने आयुष्यात आवाज चढवला नाही तो आईला शिव्या द्यायला लागला, चोर म्हणायला लागला, दोनदा हात उगारला. आम्हाला सगळे सांगायचे, हे ते नाहीत, हा आजार बोलतोय. आम्हीही तेच धरून बसलो, नाहीतर जगताच आलं नसतं. पण कधीतरी संध्याकाळी ते आईच्या केसांवरून हात फिरवायचे, तेव्हा कुणी म्हणत नव्हतं की हा आजार हात फिरवतोय. तेव्हा मात्र ‘बघा, आतले आप्पा अजून आहेत’.

म्हणजे चांगलं ते त्यांचं, वाईट ते आजाराचं. हे तत्त्वज्ञान नाही, ही आपली सोय आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली, मला अजून ठरवता आलेलं नाही की त्या दोन वर्षांत आमच्या घरात कोण राहत होतं. तुमचा भाऊ ‘आई गेली’ म्हणतो त्याला दोष देऊ नका. असं म्हटल्यावाचून पहाटे तीनला उठून चादर बदलणं जमत नसेल.

पाचोळा

लोकलताई, दोष नाही देत. पण हे वाचून त्याला फोन केला. बोललो काही नाही यावर, नुसता केला.

हरितात्या

आता जरा आपल्याकडचं. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद ऐकला असेल. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतो, रथ म्हणजे चाकं का? आस का? जू का? दांडी का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठाय? राजा म्हणतो, हे सगळं एकत्र आलं की त्याला रथ म्हणायची रीत आहे. नागसेन म्हणतो, तसंच ‘नागसेन’ हे माझं नुसतं नाव आहे, आत बसलेला कुणी वेगळा नागसेन नाही.

तेव्हा ‘खरी आई’ देहाच्या आत कुठेतरी कुलूपबंद आहे की निघून गेली, हा प्रश्नच चुकीचा. ती आधीही तशी आत बसलेली नव्हती. सुलभा हे तर अक्षरशः तांदळात लिहिलेलं नाव!

तर्कटराव

तात्या, हे बौद्धांनाही पूर्ण पचलं नव्हतं. त्यांच्यातलाच पुद्गलवादी पंथ म्हणायचा की व्यक्ती पंचस्कंधांहून (म्हणजे देह, संवेदना, जाणीव वगैरे पाच घटकांहून) वेगळीही नाही आणि तीच आहे असंही नाही, जाळ आणि सरपण यांचं नातं असतं तसं. बाकीच्या बौद्धांनी त्यांना धू धू धुतलं. आत्मा मानणाऱ्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचं, म्हणणं तर अजून सरळ. जो आंबा मी डोळ्यांनी पाहिला तोच मी हाताने चाचपतोय, हे जोडणारा कुणीतरी एक हवा. डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रंग दिसत नाही.

पेठेतला

अवांतर: पुद्गल म्हणजे जैनांकडे जड पदार्थ आणि बौद्धांकडे व्यक्ती. एकच शब्द, अर्थ जवळपास उलटे.

अजून अवांतर: चार्वाकांचा युक्तिवाद मला कायम आवडत आलाय. आपण ‘मी जाडा झालो’ म्हणतो, ‘माझा आत्मा सडपातळ आहे पण देह जाडा झालाय’ असं नाही म्हणत. तेव्हा मी म्हणजे देहच.

चिंचोका

मी तसंच म्हणतो. डाएटिशियन ऐकत नाही.

गोष्टीवेल्हाळ

वेताळाला कसे विसरलात सगळे? एका बाईचा नवरा आणि भाऊ, दोघांनी देवीपुढे मुंडकी उडवून घेतली, देवी प्रसन्न झाली, बाईने घाईत धडांवर डोकी बसवताना अदलाबदल केली. आता नवरा कोणता? विक्रम म्हणतो ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो, कारण सर्व अंगांत शिर श्रेष्ठ. लॉकच्या कैक शतकं आधी प्रेत खांद्यावर घेऊन दिलेलं उत्तर आहे हे.

बांधावरची_बोर

विक्रमाला उत्तर द्यायची घाई, नाहीतर त्याच्याच डोक्याची शकलं व्हायची. त्या बाईला कुणी विचारलं का?

कोर्टकचेरी

वकिली चष्म्यातून थोडं. कायद्याला ‘व्यक्ती’ म्हणजे काय याचं फार सोयरसुतक नाही, ज्याला हक्क आणि कर्तव्यं चिकटवता येतात ती व्यक्ती. कंपनी व्यक्ती आहे, देवळातली मूर्तीही कायद्याने व्यक्ती आहे, तिच्या नावे जमीन असते. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेलाही जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला, जुलैत सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. उलट बाजूने, हाडामांसाचा माणूस कागदावर मरू शकतो. पारंपरिक हिंदू कायद्यात संन्यास घेतला की दिवाणी मृत्यू, स्वतःचं श्राद्ध स्वतः करून मोकळं व्हायचं, इस्टेटीवरचा हक्क संपला. आणि आझमगढचे लाल बिहारी हे तर १९७५ ते १९९४ सरकारी दप्तरात मृत होते, जमिनीसाठी नातेवाइकांनी केलेला उद्योग. त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, अशाच कागदी मेलेल्यांचा मृतक संघ काढला, निवडणुकीलाही उभे राहिले.

खडूसकाका

म्हणूनच म्हणतो दाखला वेळेत द्या.

जोबर्गकर

दक्षिण आफ्रिकेत अकरा वर्षं आहे. इथे झुलूत एक म्हण आहे, उमुंतू न्गुमुंतू न्गाबांतू. माणूस माणसांमुळे माणूस. ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’ हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगितलं तर त्यांना फार एकटं वाटेल असं मला नेहमी वाटतं. आपल्या मराठीतही हे आहेच की. ‘आपलं माणूस’ म्हणतो आपण. माणूस शब्द तिथे नपुंसकलिंगी होतो, बाई असो पुरुष असो, ‘घरातलं माणूस आजारी आहे’. आठवणी असोत नसोत, पाचोळाताईंची आई हे त्यांचं माणूस आहे. आठवण ठेवायचं काम आता बाकीच्यांनी वाटून घ्यायचं.

रानमेवा

+१००. धाग्याला उत्तर मिळालं.

वेशीबाहेर

नाही मिळालं. जोबर्गकरांचा प्रतिसाद छान आहे पण त्याची दुसरी बाजू माझ्या आजोबांनी भोगलीय. चार जणांनी मानलं म्हणून मी माणूस, तर चार जणांनी नाही मानलं तर? वाळीत टाकणं म्हणजे दुसरं काय असतं? घटस्फोट हा शब्द आज आपण काडीमोडासाठी वापरतो, पण धर्मशास्त्रात तो बहिष्काराचा विधी. पाण्याचा घडा लवंडायचा आणि जित्या माणसाला मेला म्हणून सोडून द्यायचं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करायला २०१६ साल उजाडलं, म्हणजे ही जुनी गोष्ट नाही.

महाडला चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला लोक गेले ते तहान लागली म्हणून नाही. बाबासाहेबांनी डिसेंबरच्या परिषदेत स्वच्छ सांगितलं की ते पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, इतरांसारखे आपणही माणसं आहोत हे दाखवायला जायचंय. गंमत बघा, गुरं त्या तळ्यावर पाणी पीत होती. तेव्हा माझं माणूसपण कुणाच्या मानण्यावर, आठवण्यावर, प्रेमावर ठेवायला मी तयार नाही. ते आधीपासून असतं. मानलं नाही तर न मानणाऱ्याचं चुकतं.

जोबर्गकर

मान्य. ज्या देशात बसून लिहितोय तिथे वर्णभेदाच्या काळात कागदावर माणसांची प्रतवारी लावलेली होती, मला हे सुचायला हवं होतं. तरी एक शंका. ‘आधीपासून असतं’ म्हणजे कशाच्या जोरावर?

सरळरेघ

जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणेल विवेकाच्या जोरावर. १७८५ साली त्याने लिहिलं की वस्तूला किंमत असते, व्यक्तीला प्रतिष्ठा असते, आणि प्रतिष्ठेच्या बदल्यात दुसरं काही देता येत नाही. पण त्यात गोची अशी की विवेक असलेल्याला प्रतिष्ठा, मग विवेक गेलेल्याला काय? तान्ह्या बाळाला काय? हे सूत्र घट्ट धरलं की पीटर सिंगर या आजच्या तत्त्वज्ञाच्या दारात जाऊन पोचता. तो म्हणतो व्यक्ती म्हणजे स्वतःचं भान असलेला जीव, मग तो चिंपांझी का असेना, आणि भान नसलेला माणूस म्हणजे व्यक्ती नव्हे. आता मजा ऐका. त्याच्या स्वतःच्या आईला अल्झायमर झाला. तिच्या देखभालीवर त्याने भरपूर पैसा खर्च केला. लोकांनी कोंडीत पकडलं तेव्हा म्हणाला की वाटलं होतं त्यापेक्षा हे अवघड आहे, स्वतःची आई असली की वेगळं असतं.

मी सिंगरची चेष्टा करत नाहीये. सिद्धांत आणि आई यांत त्याने आई निवडली, हे मला त्याच्या सगळ्या लिखाणापेक्षा पटतं.

वेशीबाहेर

@सरळरेघ, पण मग ज्याला कुणीच आई नाही, लेक नाही, त्याचं काय? स्टेशनवर झोपलेला वेडा माणूस कुणाचंच ‘आपलं माणूस’ नसतो. म्हणून मी ‘आधीपासून’ म्हणतो. कशाच्या जोरावर हे मला सिद्ध नाही करता येत आणि करायचंही नाही. सिद्ध करायला सांगणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो.

डॉ_घुबड

यावरून मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवल्या. १९७३ च्या हल्ल्यानंतर केईएममध्ये ४२ वर्षं पडून होत्या. त्यांच्या दयामरणाच्या खटल्यात, मार्च २०११ च्या निकालात, सुप्रीम कोर्टापुढे एक प्रश्न हाही होता की त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा. कोर्टाने म्हटलं केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण रोज त्यांचं करत होते ते. त्यातल्या कितीतरी परिचारिकांनी अरुणाताईंना हिंडताफिरताना कधी पाहिलंही नसेल, हल्ल्यानंतर जन्मलेल्याही होत्या. म्हणजे जुन्या आठवणी नाहीत, रक्ताचं नातं नाही. रोज कूस बदलायची, भरवायचं. वेशीबाहेर यांच्या प्रश्नाला हे उत्तर आहे असं नाही म्हणत, पण ‘कुणाचंच माणूस नाही’ ही स्थिती कायमची नसते.

लांबची_लोकल

आणि त्यासाठी तीन पाळ्या लागतात डॉक्टर. घरी एक वहिनी असते.

पेठेतला

‘व्यक्ती’ शब्दाकडेच बघा ना. व्यक्त होते ती व्यक्ती. युरोपातला ‘पर्सन’ आला ‘पर्सोना’वरून, म्हणजे नाटकातला मुखवटा. त्यांची तोंडावर चढवलेली, आपली आतून बाहेर आलेली. (आणि स्त्रीलिंगी. कितीही मिशा असल्या तरी ‘ती व्यक्ती’.)

हरितात्या

पेठकर, लाल पेनाने ‘छान’ लिहिणं हे व्यक्त होणंच की मग.

पाचोळा

उशीर झाला, सगळं वाचलं, दोनदा. काल गावी होते. पोस्टमन घरी आला, काकांचे आभार. मोबाइलवर चेहरा दाखवून होतं सगळं. फोन समोर धरून तो म्हणाला, आजी, डोळ्यांची उघडझाप करा. आईला वाटलं तो वर्गातला मुलगा आहे आणि डोळे मिचकावून तिला चिडवतोय. तिने त्याला उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. बिचारा पाच मिनिटं भिंतीपाशी उभा होता, मग आईच म्हणाली बस खाली, पुन्हा करू नकोस. तेवढ्यात तिने डोळे मिचकावले आणि फोटो लागला.

भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाला, मी त्या दिवशी बोललो ते खरंच आहे ताई, पण रोज खरं नसतं. मला यावर काही सुचलं नाही. संध्याकाळी त्याने तिला पहिल्यांदाच ‘मंदा’ म्हणून हाक मारून बघितली. तिने वळून बघितलं आणि म्हणाली, तुम्ही कोण?

लांबची_लोकल

‘रोज खरं नसतं’ हे मी लिहून ठेवतेय.

तर्कटराव

लॉकची बाजू मी मागे घेत नाही. पण आज वाद घालायचं मन नाही.

खडूसकाका

दाखल्यावर नाव काय आलं?

पाचोळा

सुलभा. आधारवर तेच आहे.

कोर्टकचेरी

पेन्शन त्याच नावाची आहे ना, मग राहू द्या. मंदाकिनी करायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागेल.